जुना फ्लॅश नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावण्याआधी काय तपासायचं?

सांजसावली

बाबांच्या कपाटात त्यांचा जुना फ्लॅश सापडला. फिल्म कॅमेऱ्याच्या काळातला, चार सेलवर चालणारा. नावाची पट्टी कधीच गळून पडली आहे, तळाला ‘मेड इन जपान’ एवढंच वाचता येतं. सेल घातले, शिट्टीसारखा बारीक आवाज सुरू झाला आणि काही वेळाने मागचा नारिंगी दिवा लागला. टेस्टचं बटण दाबलं तर लख्ख प्रकाश पडला! इतकी वर्षं पडून असलेली वस्तू चालते हे पाहून बाबांना झालेला आनंद काही वेगळाच होता.

माझ्याकडे निकॉनचा डीएसएलआर आहे, अंगचा फ्लॅश असलेला. हा जुना फ्लॅश त्याच्या हॉट शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत, सहज सरकतो. पण सरकवता सरकवता थांबले, कारण ‘जुन्या फ्लॅशने कॅमेरा जळतो’ असं कुठेतरी वाचल्याचं आठवलं. हे खरं आहे का? असेल तर नक्की का होतं, आणि हा फ्लॅश वापरायचा सुरक्षित मार्ग काय? बाबांची वस्तू आहे, शोभेला ठेवून द्यायची इच्छा नाही.

जुनाकॅमेरा

थांबलात ते फार बरं केलंत. खरं आहे, पण सगळ्याच जुन्या फ्लॅशबाबत नाही. प्रश्न वयाचा नाही, ट्रिगर व्होल्टेजचा आहे. फ्लॅशच्या पायाला मध्यभागी जो गोल संपर्क असतो, त्याच्या आणि बाजूच्या धातूच्या पट्टीच्या मध्ये किती व्होल्ट येतात ते मोजा. काही फ्लॅशवर ५-६ व्होल्ट असतात, काहींवर २०० च्या वर.

इंटरनेटवर मॉडेलनुसार याद्या मिळतात, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबू नका. व्हिविटार २८३ हे ठळक उदाहरण. जपानमध्ये बनलेल्या जुन्या २८३ वर दोनशेच्या वर व्होल्ट मोजले गेले आहेत, तर पुढे इतर देशांत बनलेल्या २८३ वर दहाच्या आत. नाव एक, चेहरा एक, आतलं सर्किट वेगळं. मेट्झ ४५ सीटी-१ चंही तसंच, आधीचे नग आणि नंतरचे नग यांत मोठा फरक. तुमच्या फ्लॅशवर तर नावच नाही, म्हणजे मोजण्यावाचून पर्याय नाही.

मध्यान्ह

एवढं घाबरण्यासारखं काही नाही. मी गेली दहा वर्षं जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर थेट लावतोय. काहीही झालेलं नाही.

निमित्त

माझं झालंय, म्हणून लिहितो.

मीही असाच लावला होता. पहिल्या दिवशी छान चालला. दोन-तीन महिने अधूनमधून वापरला. मग कधी पेटायचा, कधी नाही. मला वाटलं पायाचा संपर्क मळला असेल, म्हणून खोडरबराने घासला. शेवटी एके दिवशी पेटायचा बंद झाला, आणि नंतर कळलं की आता त्या कॅमेऱ्यावर कुठलाच फ्लॅश पेटत नाही, नवासुद्धा. बाकी कॅमेरा ठणठणीत. दुरुस्तीत आतलं अख्खं बोर्ड बदलावं लागलं. पुढे मीटर लावला तेव्हा त्या फ्लॅशच्या पायावर २४० व्होल्ट दिसले.

पहिल्या क्लिकला धूर निघाला असता तर मी सावध झालो असतो. तसं होत नाही, आणि ‘इतके दिवस चाललं’ हा पुरावा नाही तो याचमुळे.

मध्यान्ह

हे वाचून वाईट वाटलं. माझ्याकडे मीटर आहे, उद्या माझा फ्लॅश मोजून इथे लिहितो.

तांब्याचीतार

इलेक्ट्रॉनिक्समध्ये आयुष्य गेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर. आत काय चालतं ते एकदा समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

फ्लॅशच्या नळीत झेनॉन वायू असतो. नळीच्या दोन टोकांना मोठा कपॅसिटर जोडलेला असतो. सेलचे ६ व्होल्ट वाढवून तो साधारण ३०० ते ३३० व्होल्टपर्यंत चार्ज केला जातो. तुम्ही ऐकलीत ती शिट्टी हे काम करणाऱ्या सर्किटची. पण एवढ्या व्होल्टेजलाही झेनॉन आपणहून पेटत नाही. त्याला आधी ‘जागं’ करावं लागतं. त्यासाठी नळीच्या बाहेरच्या अंगावर क्षणभर काही हजार व्होल्टचा झटका दिला जातो. तो एका इवल्या ट्रान्सफॉर्मरमधून येतो, आणि त्या ट्रान्सफॉर्मरला धक्का देतो दुसरा एक छोटा कपॅसिटर.

आता खरी गोम. तो छोटा कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरमध्ये रिकामा करणारा स्विच कोणता? जुन्या सर्किटमध्ये तो स्विच म्हणजे तुमचा कॅमेराच. छोटा कपॅसिटर मोठ्याकडूनच चार्ज होतो, त्यामुळे दोनशे-तीनशे व्होल्ट सरळ हॉट शूच्या मधल्या संपर्कावर येऊन बसतात. जुन्या कॅमेऱ्यात शटर उघडलं की धातूच्या दोन पात्या एकमेकींना टेकायच्या. त्यांना तीनशे व्होल्टचं काही विशेष नव्हतं, फार तर ठिणगीने त्या हळूहळू काळ्या पडायच्या. डिजिटल कॅमेऱ्यात तिथे अर्धवाहकाचा स्विच आहे, आणि त्याच्या शेजारी कॅमेऱ्याचा मेंदू. ठरलेल्या मर्यादेपलीकडचं व्होल्टेज आलं की तो स्विच कधी लगेच जातो, कधी प्रत्येक क्लिकला थोडा थोडा दुबळा होत जातो. निमित्त यांच्या बाबतीत दुसरा प्रकार झालेला दिसतो.

नंतरच्या डिझाइनमध्ये फ्लॅशच्या आतच थायरिस्टर नावाचा अर्धवाहकाचा दणकट स्विच बसवला. तीनशे व्होल्ट तो तोडतो-जोडतो, कॅमेऱ्याने फक्त त्याला इशारा द्यायचा. म्हणून अशा फ्लॅशच्या पायावर जेमतेम ५-१० व्होल्ट मिळतात.

मोजायची पद्धत: ताजे सेल घाला. मीटर डीसी व्होल्टच्या सर्वात वरच्या रेंजवर ठेवा, ६०० किंवा १०००. फ्लॅश चालू करा, दिवा लागल्यावर आणखी एक मिनिट थांबा, कारण दिवा पूर्ण चार्ज होण्याआधीच लागतो. मग लाल प्रोब मधल्या संपर्काला, काळा बाजूच्या पट्टीला. दोन्ही प्रोब एकमेकांना लागू देऊ नका, लागले तर फ्लॅश पेटेल, तेव्हा नळीकडे चेहरा नको. बोटं धातूपासून लांब. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर तेही लिहून ठेवा, म्हणजे ध्रुव उलटे आहेत. ते वेगळं संकट.

प्रकाशवेडा

मर्यादांबद्दल थोडी भर. आयएसओ १०३३० हे १९९२ चं मानक २४ व्होल्ट धरून चालतं. प्रत्यक्षात कंपन्या वेगवेगळे आकडे देतात. निकॉनच्या पुस्तिकांमध्ये २५० व्होल्टपेक्षा जास्त किंवा ऋण व्होल्टेज शूवर देऊ नका, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. फुजीच्या एक्स मालिकेच्या पुस्तिकेत ३०० चा आकडा आहे. कॅननचं नीट वाचावं लागतं. त्यांच्या वरच्या बॉडींच्या पुस्तिकेत पीसी सॉकेटला, म्हणजे फ्लॅशची तार जोडायच्या छोट्या छिद्राला, २५० व्होल्टची मर्यादा दिली आहे, पण हॉट शूवर जास्त व्होल्टेजचा फ्लॅश लावूच नका, असंही सांगितलं आहे. सॉकेटचा आकडा वाचून शूवर फ्लॅश चढवणारे बरेच जण भेटलेत. आणि कॅननच्या अगदी सुरुवातीच्या डिजिटल बॉडींसाठी, ३००डीच्या काळातल्या, फक्त ६ व्होल्ट सांगितले जायचे. जुना फ्लॅश आणि जुना डिजिटल ही जोडी त्यामुळे सर्वात धोक्याची.

पीसी म्हणजे इथे संगणक नव्हे. प्रॉन्टर आणि कॉम्पुर या दोन जर्मन शटरांच्या नावांवरून ते आलं आहे.

सांजसावली

तांब्याचीतार, किती छान समजावलंत! बाबांना वाचून दाखवलं. ‘पात्या काळ्या पडायच्या’ याला त्यांनी लगेच दुजोरा दिला, त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात तसं झालं होतं म्हणे.

मोजलं. घरात काट्याचा एक जुना छोटा मीटर आहे. २५० च्या रेंजवर ४३ व्होल्ट आले. ध्रुव सुलटे आहेत. ४३ म्हणजे निकॉनच्या २५० च्या खूपच आत. मग लावू का?

तांब्याचीतार

नको! लावू नका अजून. ४३ हा आकडा खरा नाही.

काट्याचा मीटर काटा हलवण्यासाठी स्वतःच प्रवाह घेतो. स्वस्त छोट्या मीटरच्या डायलवर बहुधा ‘२००० ओहम प्रति व्होल्ट’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघा. तसं असेल तर २५० च्या रेंजवर त्याचा अंतर्गत रोध ५ लाख ओहम होतो. फ्लॅशच्या ट्रिगर सर्किटमध्ये छोट्या कपॅसिटरच्या आधी मेगओहमच्या घरातला रोध असतो. मीटर जोडला की व्होल्टेजचा मोठा वाटा त्या रोधातच पडतो आणि काट्यापर्यंत उरलंसुरलं पोचतं. डिजिटल मल्टीमीटर कुणाकडून तरी आणा. त्याचा रोध साधारण १० मेगओहम असतो.

सांजसावली

डायलवर खरंच २००० ओहम प्रति व्होल्ट लिहिलं आहे. शेजारच्या दादांकडून डिजिटल मीटर आणला. १८८ व्होल्ट!! ४३ चे १८८ झाले. अंगावर काटा आला.

तांब्याचीतार

आता आपल्याकडे दोन मीटरचे दोन आकडे आहेत, त्यावरून खरा आकडा काढता येतो. फ्लॅशमधला रोध ‘र’ मेगओहम धरू. डिजिटल मीटरसाठी खरं व्होल्टेज = १८८ × (१ + र/१०). काट्याच्या मीटरसाठी खरं व्होल्टेज = ४३ × (१ + र/०.५). दोन्ही एकच असायला हवीत. सोडवलं की र येतो साधारण २.२ आणि खरं व्होल्टेज २२९ च्या आसपास.

म्हणजे डिजिटल मीटरनेसुद्धा तुम्हाला ४० व्होल्ट कमी दाखवले. हे सहसा कुणी सांगत नाही. मीटर चांगला असला तरी वाचलेला आकडा ही खालची बाजू समजावी.

मध्यान्ह

माझा फ्लॅश मोजला, डिजिटल मीटरने. ८.६ व्होल्ट. म्हणजे दहा वर्षं काही झालं नाही त्यात नवल नव्हतं, माझा फ्लॅशच कमी व्होल्टेजचा आहे. ‘घाबरण्यासारखं काही नाही’ हे वर लिहिलं होतं ते मागे घेतो. कुणी माझ्या भरवशावर लावला असता तर मला फार लागलं असतं.

अनुस्वार

२२९ तरी २५० च्या आतच आहे ना? निकॉनच चालेल म्हणते तर मग हरकत काय? मला खरंच समजून घ्यायचंय.

तांब्याचीतार

रास्त प्रश्न आहे. नियमावर बोट ठेवलं तर चालायला हवं. पण मी माझ्या कॅमेऱ्यावर चढवणार नाही, आणि सांजसावलींनाही चढवा म्हणणार नाही.

एक तर काढलेला आकडा दोन मीटरच्या अचूकतेवर उभा आहे. काट्याच्या मीटरमध्ये ३-४ टक्क्यांचा फरक सहज पडतो. दुसरं, सेल किती ताजे, कपॅसिटर किती चार्ज झाला, यावर पायावरचं व्होल्टेज वरखाली होतं. आपण मोजलं ते एका संध्याकाळचं. तिसरं, आतले रोध नि कपॅसिटर पन्नाशीकडे झुकलेले आहेत. त्यातला एखादा उद्या बिघडला तर आज २२९ असलेलं उद्या ३०० होऊ शकतं, आणि ते आपल्याला कॅमेरा गेल्यावर कळेल. एकवीस व्होल्टच्या फटीत मी कॅमेरा ठेवणार नाही. फ्लॅश आणि कॅमेरा यांच्यात तारच नको, हा सरळ उपाय असताना तर नाहीच.

प्रकाशवेडा

+१. आणि खरं सांगायचं तर कॅमेऱ्याच्या डोक्यावरून समोर मारलेला फ्लॅश दिसायलाही सपाट दिसतो. बाजूला, थोडा वर ठेवला की चेहऱ्याला गोलाई येते. म्हणजे सुरक्षिततेसाठी फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवाल, तेव्हा फोटोही सुधारेल.

मार्ग असे.

रेडिओ ट्रिगर माझ्या मते सर्वात चांगला. कॅमेऱ्यावर फक्त ट्रान्समीटर, त्याचं व्होल्टेज नगण्य. फ्लॅश बसतो रिसीव्हरवर, दोघांत तार नाही, फक्त हवा. पण रिसीव्हरलाही मर्यादा असते. काही ३०० व्होल्ट सोसतात, काही अगदी जुने किंवा साधे १२ व्होल्टच. रिसीव्हरची पुस्तिका आधी वाचा. रिसीव्हर गेला तर कॅमेरा वाचतो हे खरं, पण तो तरी का घालवायचा?

दुसरा, ऑप्टिकल स्लेव्ह. फ्लॅशच्या पायाला लावायचा छोटा प्रकाशडोळा. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश चमकला की हाही पेटतो. भर उन्हात दगा देतो, खोलीत उत्तम.

तिसरा, व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर, जो शू आणि फ्लॅशच्या मध्ये बसतो. वाइनचा सेफ-सिंक प्रसिद्ध आहे, ४०० व्होल्टपर्यंतचं व्होल्टेज ६ च्या आत आणतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरच हवा असेल तर हाच.

सांजसावली

घरातल्या ड्रॉवरमध्ये बाबांचा जुना प्रकाशडोळा पण सापडला! लावून पाहिला. फ्लॅश पेटतो, डोळ्यांना दिसतो, पण फोटो काळाच येतो. शटर १/१२५ वर आहे. काय चुकतंय?

प्रकाशवेडा

अंगचा फ्लॅश टीटीएलवर आहे, म्हणजे किती चमकायचं ते कॅमेराच भिंगातून मोजून ठरवतो. टीटीएलमध्ये शटर उघडण्याआधी कॅमेरा मोजमापासाठी एक बारीक पूर्वचमक मारतो. आपल्या डोळ्यांना दोन्ही एकच वाटतात. तुमचा स्लेव्ह त्या पूर्वचमकीलाच भुलतो, फ्लॅश रिकामा होतो, आणि शटर उघडेपर्यंत तो पुन्हा चार्ज झालेला नसतो.

कॅमेऱ्याच्या मेनूत अंगच्या फ्लॅशचं नियंत्रण टीटीएलवरून मॅन्युअलवर आणा आणि शक्ती सर्वात कमी ठेवा, १/६४ किंवा १/१२८. मॅन्युअलमध्ये पूर्वचमक नसते. स्लेव्हला इशारा द्यायला एवढी शक्ती पुरते आणि फोटोत तिचा प्रकाश जाणवतही नाही.

सांजसावली

झालं! पहिलाच फोटो लख्ख. खरं तर जरा जास्तच लख्ख.

फक्त एक अडचण, चार-पाच फोटोंनंतर कधीकधी स्लेव्ह अडकल्यासारखा होतो. दिवा लागलेला, पण पेटत नाही. फ्लॅश बंद करून चालू केला की पुन्हा ठीक.

तांब्याचीतार

स्लेव्हमधला थायरिस्टर ‘लटकतो’. थायरिस्टर एकदा सुरू झाला की प्रवाह एका किमान पातळीखाली गेल्याशिवाय बंद होत नाही. तुमच्या फ्लॅशमध्ये २.२ मेगओहमचा रोध आहे, म्हणजे मागून येणारा प्रवाह ०.१ मिलिअँपिअरच. एवढ्यावर निरोगी थायरिस्टर लटकायला नको. वयाने स्लेव्ह गळका झाला असावा. तो बदलून पाहा, किंवा सरळ रेडिओवर जा. काही डिजिटल कॅमेऱ्यांच्या शूमध्येही थायरिस्टरसारखा स्विच असतो आणि त्यांवर काही जुने फ्लॅश एकदाच पेटून थांबतात, त्याचं कारण हेच.

अनुस्वार

मी हौसेने सोल्डरिंग करतो. ऑप्टोकपलर (एका बाजूचा इशारा प्रकाशाने दुसरीकडे पोचवणारा भाग) लावून स्वतः सेफ-सिंक बनवता येईल का? एमओसी३०२१ बद्दल वाचलंय.

तांब्याचीतार

येईल. एमओसी३०२१ चा ट्रायॅक, म्हणजे त्यातला स्विच, ४०० व्होल्ट अडवतो आणि दोन बाजू फक्त प्रकाशाने जोडलेल्या असतात. कॅमेरा हा नुसता स्विच आहे हे ध्यानात ठेवा, त्याच्या आतला एलईडी पेटवायला तुम्हाला वेगळे ३ व्होल्ट आणि साधारण १०० ओहमचा रोध लागेल. पण ट्रिगरचा क्षणिक प्रवाह त्या इवल्या ट्रायॅकला झेपेलच असं नाही, म्हणून त्याने पुढचा एक दणकट ४०० व्होल्टचा एससीआर, म्हणजे थायरिस्टरच, चालवा. हे सगळं फ्लॅशच्या बाहेर, वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत. फ्लॅश उघडायचा नाही.

फ्लॅश उघडण्याबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. आतल्या मोठ्या कपॅसिटरचा हिशेब करा. १००० मायक्रोफॅरड आणि ३३० व्होल्ट धरले तर ऊर्जा अर्धा गुणिले धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, म्हणजे सुमारे ५४ जूल. एका हातातून दुसऱ्या हातात गेली तर हृदय थांबवू शकेल एवढी. सेल काढल्यावरही हा चार्ज कित्येक दिवस टिकतो. तीस वर्षं हेच काम करणारे लोकही एका बेसावध क्षणी फेकले गेलेले मी पाहिले आहेत. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामा करायचा प्रकार तर कधीच नको, स्फोटासारखी ठिणगी उडते, टोक वितळतं, कपॅसिटरही जायबंदी होतो. ज्यांना उघडावाच लागतो ते २.२ किलोओहम, १० वॅटच्या रोधाला लांब इन्सुलेटेड प्रोब लावून रिकामा करतात, १०-१२ सेकंद धरतात, आणि मग मीटरने शून्य दिसल्याशिवाय हात लावत नाहीत. ज्यांनी हे आधी कुणासोबत बसून केलेलं नाही त्यांनी उघडू नये.

जुनाकॅमेरा

याला जोडून, मुख्य विजेवर चालणारे जुने स्टुडिओ फ्लॅश. त्यांतल्या काहींमध्ये सिंकची तार (कॅमेऱ्याकडून पेटायचा इशारा आणणारी) घरातल्या विजेपासून वेगळी केलेली नसते. मीटरने मोजत बसू नका, कॅमेऱ्याला तार जोडू नका. रेडिओ किंवा प्रकाशडोळा, दुसरं काही नाही.

आणि सांजसावली, तुमचा फ्लॅश बरीच वर्षं पडून होता ना? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा पातळ थर न वापरल्याने विरत जातो आणि चार्ज गळायला लागतो. लगेच सटासट पेटवू नका. चार्ज होऊ द्या, दिवा लागला की न पेटवता थोडा वेळ चालू ठेवा, मग बंद करून अर्धा तास विश्रांती. असं तीन-चारदा केलं की थर पुन्हा बसतो आणि चार्ज व्हायचा वेळ कमी होत जातो. दिवा लागतच नसेल, अंग तापत असेल किंवा उग्र वास आला तर सेल काढा आणि तो फ्लॅश तिथेच संपला असं समजा.

निमित्त

सेलबद्दल: १.२ व्होल्टचे चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल चालतात, उलट लवकर चार्ज करतात. पण जास्त प्रवाह देतात म्हणून आतलं सर्किट तापतं. दहा-पंधरा पूर्ण शक्तीचे फोटो काढले की थोडं थांबा. त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मात्र चुकूनही घालू नका, सहाऐवजी जवळजवळ पंधरा व्होल्ट जातील.

खाचेत पांढरी-निळसर पावडर असेल तर ती गळलेल्या सेलची. अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कली असतं, म्हणून व्हिनेगरचा बोळा फिरवून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं.

अनुस्वार

माझ्याकडे मिररलेस आहे. रेडिओ ट्रिगर लावला पण फ्लॅश पेटतच नाही. ट्रिगरचं टेस्ट बटण दाबलं की पेटतो.

प्रकाशवेडा

सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू आहे का ते बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यावर फ्लॅश पेटत नाही, मेकॅनिकलवर आणा. आणि कॅमेऱ्याच्या शूमध्ये मधला संपर्क आहे ना तेही पाहा. कॅननच्या २००डी मार्क २ मध्ये, जो काही ठिकाणी २५०डी नावाने मिळतो, तो संपर्कच नाही, तिथे फक्त कॅननच्या भाषेत बोलणारे ट्रिगर चालतात.

पेटायला लागला की पुढची तक्रार येईल, खोलीत व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसतो. कॅमेऱ्याला माहीतच नसतं की फ्लॅश लावलाय, तो तुमच्या सेटिंगप्रमाणे काळं दाखवतो. एक्सपोजरचा पूर्वदेखावा बंद करा. सोनीत तो लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेखाली ‘सेटिंग इफेक्ट’ नावाने असतो.

अनुस्वार

सायलेंटच होतं. धन्यवाद!

सांजसावली

कपॅसिटरची विश्रांती तीन दिवस केली. आधी ज्याला अर्धा मिनिट लागायचं तो दिवा आता १२ सेकंदांत लागतो. रेडिओ ट्रिगरही आला, रिसीव्हरच्या पुस्तिकेत ३०० व्होल्ट छापलंय ते आधी बघूनच घेतला. शटर १/२०० वर ठेवलं, १/२५० वर खाली एक बारीक काळी पट्टी दिसत होती.

आता शेवटचा प्रश्न. पूर्ण शक्तीवर जास्त लख्ख येतो. टीटीएल नाही. अपर्चर कसं ठरवायचं? दरवेळी अंदाजाने?

जुनाकॅमेरा

अंदाज कशाला, फ्लॅशच्या पाठीवरची गोल चकती त्यासाठीच आहे! फिल्मचा वेग लिहिलेल्या खिडकीत १०० आणा. समोर अंतर आणि अपर्चरच्या जोड्या दिसतील. कुठल्याही जोडीचा गुणाकार केला की गाइड नंबर मिळतो. ४ मीटरला एफ/८ दिसलं तर ३२. मग ३२ भागिले अंतर, म्हणजे २ मीटरला एफ/१६. आयएसओ चौपट, म्हणजे ४०० केला की गाइड नंबर दुप्पट.

समोरच्या अंगाला बारीक भिंग असलेलं छोटं भोक आहे का? असेल तर तुमचा फ्लॅश ऑटोही आहे. रंगीत खुणेवर चकती फिरवा, ती सांगेल तेच आयएसओ आणि अपर्चर कॅमेऱ्यावर हाताने लावा. समोरून परत आलेला प्रकाश तो डोळा मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश स्वतःच कापतो. कॅमेऱ्याशी काही बोलणं नाही, म्हणूनच आजच्या कुठल्याही कॅमेऱ्यावर तेवढाच चोख चालतो. जवळच्या वस्तूला तर कापणी इतकी लवकर होते की चमक सेकंदाच्या काही हजाराव्या भागाहूनही आखूड असते, पाण्याचे थेंब गोठवायला उत्तम. डोळा मात्र विषयाकडे रोखलेला हवा, फ्लॅश बाजूला ठेवताना हे विसरायला होतं.

सांजसावली

भोक आहे, आणि लाल खूणही! आयएसओ १००, लाल खूण, एफ/५.६. खिडकीच्या बाजूला स्टँडवर फ्लॅश, समोर बाबा. तीन फोटो काढले, तिन्हींचा उजेड सारखा. हिस्टोग्राम बघायच्या आधी बाबांनीच चकती पाहून ‘पाच-सहा ठेव’ असं सांगितलं होतं. प्रकाश किंचित पिवळसर वाटला म्हणून व्हाइट बॅलन्स राखाडी कागदावर घेतला, पुढचं प्लास्टिक वयाने पिवळं पडलंय.

निमित्त, तुमचा कॅमेरा गेला नसता तर मी बहुतेक काट्याच्या ४३ वर विश्वास ठेवून लावला असता.

निमित्त

फोटो बघायला आवडेल. आणि आज काम झाल्यावर सेल काढून ठेवा.

सांजसावली

काढले. डबीवर २२९ व्होल्ट, आजची तारीख आणि ‘कॅमेऱ्यावर थेट लावू नये’ असं लिहून चिकटवलंय.